थंडीचे निमित्त आणि भोजनाचा वेष

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शनिशिंगणापूरची वाट जेथून फुटते त्या ठिकाणी, घोडेगाव वसले आहे. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांसाठी हे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध. समुद्राशी त्याचा संबंध म्हणाल तर एवढाच की, येथला कांदा कधी कधी बंदरापर्यंत जातो. अशा आमच्या गावी आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटीत गेलो असता, बोटीवर रात्रीच्या जेवणास कोणता वेष करून बसावे हा प्रश्न आमच्यापुढे यावा, याचे वाचकांस नवल वाटेल. आम्हांसही वाटले. परंतु तो आला. आणि ज्या रीतीने आला ती पाहता त्यावर चार शब्द स्पष्ट लिहिल्याखेरीज आम्हांस राहवत नाही.

प्रश्न विचारणारे गृहस्थ आमच्या वडिलांच्या बैठकीतले, कांद्याचे जुने अडते. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, डोक्यास फेटा. चिरंजीव अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी नोकरीस आहेत. त्यांनी येत्या जूनमध्ये आईबापांस अलास्काच्या किनाऱ्याने सात दिवसांच्या जलपर्यटनास नेण्याचे योजिले आहे. मातापित्यांस बर्फाच्या नद्या दाखवाव्या ही इच्छा स्तुत्यच होय. पण तिकिटांबरोबर फोनवरून निरोपही आला तो असा : "आईला पैठणी चालेल. तुम्ही मात्र नगरला जाऊन काळा सूट शिवून घ्या. तिकडे थंडी फार, आणि एक-दोन रात्री जेवायला सगळे तसेच येतात. धोतरात बरे दिसणार नाही."

आबा आज्ञाधारक बाप आहेत. ते नगरास जाऊन माप देऊन आले. पण मन मानेना. "सर, तुम्ही इंग्रजी शिकवता म्हणून विचारतो," ते आम्हांस म्हणाले, "जेवायला बसताना माणूस गळ्याचं बटण सोडतो, ही माणसं गळा आवळून का बसतात? आणि हिचं लुगडं चालतं, तर माझ्या धोतरानंच काय घोडं मारलंय?"

तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्हांस या दोन प्रश्नांची उत्तरे तत्काळ देता आली नाहीत, हे आम्ही कबूल करतो. पहिला प्रश्न विनोदाचा म्हणून सोडून देता येईल. दुसरा मात्र तसा नाही. त्याच्या पोटात आमच्या सुशिक्षित वर्गाचे एक जुने दुखणे दडलेले आहे.

प्रथम थंडीचा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत सभ्य दिसतो. अलास्कात जून-जुलै महिन्यांतही हवा आपल्याकडच्या पौषातल्या पहाटेसारखी असते आणि हिमनद्यांजवळ बोट गेली म्हणजे वारा अंगाला झोंबतो, हे खरे. परंतु तो वारा कोठे झोंबतो? डेकवर. भोजनगृह डेकवर नसते. ते बोटीच्या पोटात असते, चोहोंकडून बंद असते आणि यंत्राने उबदार राखलेले असते. तेथे रेशमी झग्यांतल्या बायका उघड्या खांद्यांनी निवांत बसतात. उलट डेकवर बर्फ पाहावयास जी मंडळी जमतात त्यांच्या अंगावर सूट नसतो. जाड अस्तराचे कोट, लोकरी टोप्या आणि हातमोजे असतात. म्हणजे जेथे थंडी आहे तेथे सूट नाही, आणि जेथे सूट आहे तेथे थंडी नाही. शिवाय सूट हा काही थंडीचा पोषाख नव्हे. त्याची छाती पुढून उघडी असते आणि ती झाकावयास पातळ सदरा व चार बोटे रुंदीची एक पट्टी. आपला बंद गळ्याचा कोट गळ्यापर्यंत बटणे लावून बसतो. खांद्यावर शाल घेतली तर उबेच्या बाबतीत सूट त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तेव्हा थंडी हे कारण नव्हे, निमित्त आहे.

दुसरा मुद्दा 'देश तसा वेश' या म्हणीचा. ही म्हण आमच्या लोकांस परदेशी निघताना आठवते, परदेशी पाहुणा आपल्याकडे आला म्हणजे मात्र ती विसरली जाते. पण तिचाच आधार घ्यावयाचा तर आधी सांगा, बोट हा कोणता देश? आजच्या पर्यटनबोटींपैकी पुष्कळ बोटी बहामा, पनामा किंवा बर्म्युडा येथे नोंदलेल्या असतात व त्यांच्यावर तेथील निशाण फडकते. या म्हणीप्रमाणे अलास्कातील बर्फाकडे पाहत बहामातला उन्हाळी सदरा घालावा लागेल! बोटीवरचे उतारू दहा देशांचे, चालविणारे आणखी दहा देशांचे; वाढणारा बहुधा फिलिपाइन्सचा, इंडोनेशियाचा, नाहीतर आपल्या गोव्याचा. काळा कोट आणि गळपट्टी ही पुष्कळदा त्या वाढणाऱ्याच्याही अंगावर असते. केवळ काळ्या कोटाने प्रतिष्ठा येती तर तिचा पहिला मान त्याचा.

आता नियमाविषयी. चिरंजीव म्हणतात, तेथील नियमच तसा आहे. हा नियम आम्ही मुद्दाम पाहिला. काही कंपन्यांनी औपचारिक वेषाची सक्ती केव्हाच सोडून दिली आहे; नॉर्वेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या टपालाच्या जुन्या मार्गावरील बोटींत तर लोक लोकरी बंडी घालूनच जेवावयास बसतात. राहिल्या जुन्या वळणाच्या कंपन्या. त्यांत क्यूनार्ड ही अग्रगण्य. १८४० साली तिची पहिली टपालबोट अटलांटिक ओलांडून गेली, आणि समारंभाच्या रात्रीचा रिवाज तिने आजवर जपला आहे. या कंपनीच्या नियमातही काळ्या सुटाच्या जोडीला कोणत्याही देशाच्या औपचारिक राष्ट्रीय पोषाखास मोकळीक दिलेली आहे. ज्या दाराशी आबांस कोणी अडविणार नाही, त्या दारावर त्यांचा मुलगाच पहारेकरी होऊन उभा आहे, असा याचा अर्थ होतो.

बरे, ज्या कोटाचा एवढा धाक, त्याची कुळकथा तरी काय? रात्रीच्या जेवणाचा खरा औपचारिक वेष म्हणजे मागे शेपटे असलेला लांब कोट. तो आखूड करून सुटसुटीत बसता यावे म्हणून १८६५ साली लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून इंग्लंडच्या युवराजाने गावाकडच्या घरी वापरावयास एक तोकडा कोट शिवून घेतला. अमेरिकेत १८८६च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वसाहतीत त्याचा प्रसार झाला व तेच नाव त्यास तेथे चिकटले. म्हणजे आज जो कोट मर्यादेची परमावधी समजला जातो, तो जन्मास आला मर्यादा सैल करण्यासाठी. युवराजास लांब कोट गैरसोयीचा वाटला, त्याने तो कापला, आणि जगाने त्याचे अनुकरण केले. आपली सोय पाहणारा तो एक. त्याच्या सोयीपायी गैरसोय सोसणारे इतर सर्व. फॅशनचा इतिहास बहुतेक इतकाच आहे.

यावरून जेवणास विशिष्ट वेष असावा ही कल्पनाच आम्हांस हास्यास्पद वाटते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ती कल्पना आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. आमच्या आज्यापणज्यांच्या घरी पानावर बसण्यापूर्वी अंगावरचे कपडे उतरवून रेशमी मुकटा, कद किंवा पीतांबर नेसावा लागे, आणि ते नसेल तर लोकरीची धाबळी. शिंगणापुरास शनीच्या चौथऱ्यावर पुरुषांनी स्नान करून ओलेत्याने जावयाचे, हा रिवाज घोडेगावच्या माणसास लहानपणापासून ठाऊक. अन्न आणि देव यांच्यासमोर रोजच्या धुळीतले कपडे नकोत, ही भावना चांगलीच आहे. तिला इंग्रजाने काळा कोट घातला, आम्ही सोवळे नेसविले, एवढाच फरक.

पण या भावनेच्या पोटी एक विषही वाढत असते. वेष जो आदरासाठी निर्माण झाला, तो हळूहळू कोणास बाहेर ठेवावयाचे याची खूण होऊन बसतो. आमच्या सोवळ्याने पंक्तीतून किती माणसे उठविली याचा हिशेब आम्ही अजून चुकता केलेला नाही. शिंगणापूरच्या त्याच चौथऱ्यावर स्त्रियांस पाऊल ठेवता येऊ लागले ते २०१६ साली, आणि तेही मोठ्या आंदोलनानंतर. तेव्हा भोजनवेषाच्या कोणत्याही नियमास एकच कसोटी लावावी : हा नियम अन्नाचा व सोबत्यांचा मान राखतो, की माणसांची प्रतवारी लावतो? पहिल्या प्रकारचा असेल तर तो पाळावा; दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो मोडण्यात पाप नाही.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने आम्ही भर जानेवारीत इंग्लंडात होतो. शेवटच्या रात्री औपचारिक भोजन होते. आम्ही भाड्याने काळा सूट आणला, गळपट्टी बांधावयास शेजारच्या खोलीतल्या तरुणाची मदत घेतली आणि आरशात स्वतःस पाहून संतुष्ट झालो. पानावर बसलो तो शेजारी एक स्कॉटिश प्राध्यापक. त्याच्या कमरेस चौकटींचा लोकरी घागरा, खाली उघडे गुडघे, पायांत जाड मोजे! बाहेर हिम पडत होते. त्याच्याकडे कोणी चमकून पाहिले नाही; उलट पुष्कळांनी कौतुक केले. त्याने आम्हांस सहज विचारले, तुमच्याकडे मेजवानीला काय घालतात? आम्ही धोतर, उपरणे, पागोटे यांचे सविस्तर वर्णन केले. तो म्हणाला, मग ते आणले का नाही? यावर आम्ही थंडीचे कारण सांगितले, आणि सांगताना आमची दृष्टी त्याच्या गुडघ्यांवर गेली. त्या रात्रीइतके खजील आम्ही क्वचितच झालो असू.

त्या घागऱ्याचा इतिहास आम्ही पुढे वाचला. १७४५च्या बंडानंतर स्कॉटलंडातील डोंगराळ मुलखाचा हा वेष पुरुषांनी घालणे हा १७४६च्या कायद्याने गुन्हा ठरविला गेला. तो कायदा रद्द झाला १७८२ साली. आणि १८२२ साली खुद्द इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस गेला तेव्हा त्याने तोच वेष अंगावर चढविला. कापड तेच, घड्या त्याच. बदलले ते इतकेच की, घालणाऱ्यांनी तो टाकला नाही. वेषाची प्रतिष्ठा कापडात नसते, नेसणाऱ्याच्या ताठ मानेत असते, हे यावरून दिसेल.

आपल्याकडे असा ताठ कणा नव्हता काय? ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीस मागे ठेवून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असे त्यांनी भरसभेत सांगितले होते. लुगडे आणि शाकाहार यांचा निर्धार त्यांनी परक्या मुलखात पाळला. पण त्यांचे शहाणपण निर्धाराहून मोठे होते. काष्ट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि तिकडच्या हिवाळ्यात त्याने निभाव लागणार नाही हे ध्यानी येताच त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. थंडीस जेवढे देणे होते तेवढे त्यांनी दिले; लोकांच्या नजरेस एक सूतही दिले नाही. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढल्याच वर्षी क्षयाने गेल्या. वेषाच्या हट्टाने त्या गेल्या असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही निघतील. तीन हिवाळे काढावयाचे असतील तर हट्ट जिवावर बेतू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण आबांस हिवाळे काढावयाचे नाहीत, उबदार खोलीत दोन रात्री जेवावयाचे आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण गांधीजींनी आत्मकथेत स्वतःचे दिले आहे. १८८८ साली विलायतेस जाताना काट्याचमच्याच्या संकोचाने ते बहुधा आपल्या खोलीतच जेवीत, आणि उतरताना शोभावे म्हणून राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला चढविला, तो तशा कपड्यांत ते एकटेच! लोकांस शोभावे म्हणून जो कपडा करतो तो पुष्कळदा ऋतूसही शोभत नाही. तेच गांधीजी १९३१च्या नोव्हेंबरात पंचा व शाल अशा वेषाने राजवाड्यात पंचम जॉर्जच्या भेटीस गेले. त्रेचाळीस वर्षांत लंडनची थंडी कमी झालेली नव्हती.

आता आमच्याच पक्षावर येणारा एक भारी आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सूट घालीत, आणि तो घालून ते गोलमेज परिषदेत बसले. तो काय लाचारीने? मुळीच नाही. ज्यांनी काय नेसावे, किती आखूड नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावे हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरविले, त्यांच्या पुढाऱ्याने अंगावर घातलेला नीटनेटका सूट ही स्वातंत्र्याची घोषणा होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांस लुगडे नेसण्याची जुनी धाटणी सोडून पायघोळ नेसण्यास सांगितले, त्यातील मर्म हेच. म्हणून सूट वाईट आणि धोतर पवित्र असा आमचा सिद्धांत नाही. तसा कोणी काढील तर आम्ही त्याच्या विरुद्ध लिहू. आनंदीबाईंनी लुगडे बदलले नाही, महाडच्या स्त्रियांनी नेसण बदलली, आणि दोघींचे बरोबर होते. कारण दोघींनीही ते मान वर करून केले. आम्ही ज्याच्यावर शस्त्र धरले आहे तो सूट नव्हे, त्याच्या आतली भीती होय. आबांस सुटाची हौस असती तर आम्ही स्वतः त्यांच्याबरोबर शिंप्याकडे गेलो असतो.

आणि आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ : पैठणी चालते, मग धोतर का नाही? याचे उत्तर अप्रिय आहे. गेल्या शंभर वर्षांत आमच्या सुशिक्षित पुरुषांनी आपला वेष भराभर टाकला आणि संस्कृतीचे सारे गाठोडे बायकांच्या डोक्यावर दिले. लग्नमंडपात नवरी नऊवारीत हवी, नवरा कोणत्याही देशाच्या कोटात चालतो. परदेशी मेजवानीत पत्नीने साडी नेसली म्हणजे 'आपली संस्कृती' दिसते, आणि पतीने सूट घातला म्हणजे त्याची 'प्रगती' दिसते. घरात एकाने परंपरा सांभाळावी व दुसऱ्याने सोय पाहावी, अशी ही वाटणी आहे. गंमत अशी की, थंडीचा खरा त्रास होतो तो साडीस. पायांस वारा लागतो तो तिच्या. पण आईस लोकरी मोजे व बंद बूट घेऊन ठेवावे हे चिरंजीवांच्या निरोपात कोठे नव्हते. थंडीची काळजी वडिलांची, आणि तीही सुटापुरती!

मुलाला वडिलांची लाज वाटते असे आम्ही म्हणत नाही. तो प्रेमळ आहे. त्याला भीती वाटते ती कोणी तरी वडिलांकडे वळून पाहील याची. ही भीती आपल्याकडच्या क्लबांनी व हॉटेलांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसली आहे. २०१४ साली चेन्नईत एका क्लबात वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांस प्रवेश नाकारला गेला. परंतु तमिळ लोक नुसते हळहळून स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या विधानसभेने कायदा करून असा मज्जाव दंडनीय ठरविला. आमच्या महाराष्ट्रात तसा कायदा करावयाचे म्हटले तरी प्रश्न पडेल की, त्याचा लाभ घेण्यास धोतर नेसून दाराशी जाईल कोण?

तेव्हा टीका पुरे, सल्ला देतो. डेकवर जाताना हट्ट नको. तेथे जमीन ओली, जिने अरुंद, वारा सोसाट्याचा. धोतराचा सोगा पायात यावयाचा. तेथे खुशाल लोकरी पाटलोण, जाड कोट, कानटोपी घालावी, आणि वर आपली घोंगडी घ्यावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सनगरांनी विणून चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी वाऱ्यापावसात मेंढपाळाचे रक्षण करते, ती अलास्कातही करील. पानावर मात्र घोंगडी नको, ती खरखरीत व बोजड. तेथे स्वच्छ धुतलेले धोतर, आत हवी तर तंग लोकरी विजार, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर शाल आणि डोक्यास नीट बांधलेला फेटा. काकूंनी पैठणीच्या आत तशीच विजार घालावी, पायांत मोजे व बंद बूट, अंगावर शाल. आनंदीबाईंनी नेसण बदलली तशी त्यांनीही पाहिजे तर बदलावी. एवढे केल्यावर कोणी वळून पाहिले तर पाहू द्यावे. माणूस चांगल्या वस्तूकडेही वळून पाहतो.

आम्ही हे सर्व आबांस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर नगरास आले. शिंप्याने माप घेतले होते, पण कापड अजून कापले नव्हते. त्याच काळ्या कापडाचा बंद गळ्याचा कोट करण्यास त्यास सांगितले. शिंप्यास बरे वाटले. तो म्हणाला, कापड उरेल. उरलेल्या कापडाचे काय करावे याचा विचार करीत आबा परत निघाले.

चिरंजीवांस हा फेरबदल कळविला आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. प्रस्तुत अंक त्यांच्या पत्त्यावर पोचेल अशी तजवीज मात्र आम्ही केली आहे.